साखळी, वंगण आणि काळे हात

मराठी वाङ्मयात साखळी येते ती बहुधा बंधनाचे रूपक होऊन. दास्याच्या शृंखला तुटतात, रूढींच्या बेड्या गळून पडतात, साखळदंड खळखळतात. साखळीने कोणाला कोठे नेऊन पोहोचवले, असा उल्लेख मात्र आमच्या वाचनात फारसा आलेला नाही. याचे कारण असे असावे, की आपल्याकडच्या लिहित्या वर्गाचा साखळीशी संबंध आला तो इतिहासाच्या पुस्तकात, नाही तर दाराच्या कडीपाशी. मोटारसायकलचे इंजिन आणि मागचे चाक यांना जोडणारी जी साखळी असते, जिला आपण सारे 'चेन' म्हणतो, तिच्याकडे या वर्गाचे लक्ष जाते ते ती खडखडू लागल्यावर. आणि तेव्हाही ते लक्ष मेकॅनिकच्या हवाली करून आपण बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतो.

आम्ही गेली अकरा वर्षे ही चेन घरी धुतो आणि तिला घरीच वंगण देतो. सांगलीहून महाविद्यालयाच्या गावी जाणे-येणे मिळून रोजचे चाळीस किलोमीटर होतात. पंधरवड्याला पाचशे भरतात, आणि साधारणपणे तेवढ्याच अंतराला चेनला हात लावावा असा संकेत आहे. पावसाळ्यात तो त्याहून आधी लावावा लागतो. आमच्या रस्त्याचा आणखी एक ऋतू आहे, गळीत हंगामाचा. उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते, वाळते, तिची भुकटी होते आणि ती चेनवरच्या तेलात कालवली जाऊन एक लेप तयार होतो. हा लेप बोटांत चोळून पाहावा. बारीक पॉलिश पेपरसारखा तो कचकचतो. मग चेन का झिजते हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एकदा सहज हिशेब केला. आमच्या गाडीचे मागचे चाक एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर जाते, म्हणजे किलोमीटरला पाचशे फेरे. मागच्या दात्यांच्या चकतीला, म्हणजे स्प्रॉकेटला, दाते 42. म्हणून किलोमीटरला एकवीस हजार कड्या तिच्यावरून सरकतात. चेनमध्ये कड्या 120. तेव्हा अख्खी चेन किलोमीटरला 175 वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक सांधा चार वेळा मुडपतो: पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना, तसेच मागच्या. म्हणजे किलोमीटरला सातशे वेळा आणि आमच्या एका दिवसाच्या प्रवासात अठ्ठावीस हजार वेळा. आमचा स्वतःचा गुडघा वर्षानुवर्षे किती वेळा मुडपला असेल आणि त्याविषयी आम्ही घरी किती तक्रारी केल्या, हे आठवून आम्हांस त्या सांध्यांविषयी आदर वाटला.

या सांध्याची रचना पाहण्याजोगी आहे. बाहेरच्या दोन पट्ट्यांना जोडणारी एक पिन, तिच्यावर आतल्या पट्ट्यांत बसवलेली एक पोकळ नळी, जिला बुश म्हणतात, आणि त्या नळीवर मोकळा फिरणारा रोलर. ही रचना हान्स रेनॉल्ड या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि मँचेस्टरला येऊन स्थिरावलेल्या अभियंत्याची. त्याने 1880 साली तिचे पेटंट घेतले. साखळीने गती देण्याची कल्पना जुनीच होती. लिओनार्दो दा व्हिंचीच्या वह्यांत तशी रेखाटने आहेत. पण पूर्वीच्या साखळीत सारा भार पिनच्या अरुंद कडांवर येई आणि ती लवकर खाल्ली जाई. रेनॉल्डने मध्ये नळी घातली आणि तोच भार पिनच्या सबंध लांबीवर पसरला. वजन वाटले गेले की झीज कमी होते, एवढीच गोष्ट. पुढे 1885 च्या सुमारास दोन सारख्या आकारांच्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी सायकल इंग्लंडात रूढ होऊ लागली, आणि मोटारसायकलने ती साखळी तशीच उचलली. आजची चेन मूलतः तीच आहे. सुस्थितीत असेल तर मिळालेल्या शक्तीपैकी 98 टक्क्यांच्या आसपास शक्ती ती चाकाला पोहोचवते. मधल्या माणसाने एवढे प्रामाणिक असणे इतरत्र दुर्मीळ.

गॅरेजात 'चेन वाढली' असे म्हणतात. वास्तविक पोलाद ताणले जाऊन वाढत नाही. पिन आणि बुश एकमेकांवर घासून आतून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते, आणि अशा 120 फटींची बेरीज म्हणजे चेनची वाढ. आमच्या चेनमध्ये एका पिनपासून दुसरीपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. वीस कड्या ताणून मोजल्या तर 254 मिलिमीटर भरले पाहिजेत. ते 259 च्या पुढे गेले, म्हणजे दोन टक्के वाढ झाली, की चेनचे आयुष्य संपले असे समजावे. त्या वेळी दोन्ही स्प्रॉकेटही बदलावे, कारण वाढलेल्या चेनने त्यांचे दाते एका बाजूला कललेले असतात आणि ते नव्या चेनला लवकर खातात. लक्षात घेण्याजोगे हे, की ही झीज बाहेरून दिसत नाही. पट्ट्या चकाकत असतात आणि सांधे आतून संपलेले असतात.

म्हणूनच वंगण द्यायचे ते आत पोहोचेल असे. आमची पद्धत थोडक्यात सांगतो. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, आणि चावी काढून खिशात. या चावीविषयी पुढे बोलणे आहे. खाली जुनी वर्तमानपत्रे. मागच्या टायरला आणि ब्रेकला फडके गुंडाळायचे, कारण तेथे तेल लागणे म्हणजे पुढच्या वळणावर घसरणे. चाक हाताने उलट फिरवत मऊ ब्रशने चेनला डिझेल लावायचे. पूर्वी यासाठी रॉकेल असे. आता ते तसे सहज मिळत नाही. पेट्रोल वापरू नये: ते पेट घेते हे एक, आणि ज्या चेनच्या सांध्यांत वंगण कोंडून ठेवणाऱ्या रबरी रिंगा असतात त्या रिंगा त्याने खराब होतात हे दुसरे. तारेचा ब्रशही त्याच कारणाने वर्ज्य. मळ सुटला की कोरड्या फडक्याने पुसून चेन वाळू द्यायची. मग नव्वद नंबरचे गिअर ऑइल, खालच्या पदराच्या आतल्या बाजूने, कडीकडीच्या फटीत थेंबथेंब. आतून दिलेले तेल चाक फिरताना बाहेरच्या दिशेला फेकले जाते आणि जाता जाता सांध्यात शिरते. बाहेरून दिलेले नुसतेच उडून जाते. त्यानंतर रात्रभर थांबावे, आणि सकाळी वरचे सारे तेल पुसून टाकावे. दिलेले पुसून टाकणे अनेकांच्या जिवावर येते. पण वर राहिलेले तेल धूळ गोळा करण्यापलीकडे काही करत नाही. इंजिनातून काढलेले जळके ऑइल चेनवर ओतण्याची चालही अशीच. त्यात धातूचा कीस असतो. उरलेले काळे डिझेल मोरीत ओतू नये. आम्ही ते एका कॅनमध्ये साठवतो आणि गॅरेजातल्या जुन्या ऑइलच्या पिंपात नेऊन देतो.

शेवटी ताण पाहायचा. खालच्या पदराच्या मध्यावर बोटाने वर-खाली केले असता आमच्या गाडीची चेन 20 ते 30 मिलिमीटर हलली पाहिजे. चाक फिरवून हे तीन-चार जागी पाहावे, कारण झीज सर्वत्र सारखी नसते. चेन सैल असेल तर उतरते आणि चाक जखडू शकते. पण ती तारेसारखी ताठ ओढणे हेही तितकेच वाईट. गाडीवर माणूस बसला, खड्ड्यात चाक वर गेले, की चेन आणखी ताणली जाते, आणि मग भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. जोडकडीची क्लिप, जिला गॅरेजात 'चेन लॉक' म्हणतात, तिचे बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेला असावे.

आता वंगण या शब्दाविषयी. हा शब्द आमच्याकडे मोटारसायकलबरोबर आला नाही. तो बैलगाडीचा आहे. आमच्या आजोबांच्या गाडीच्या साट्याखाली वंगणाचे एक नळकांडे टांगलेले असे. आख कुरकुरू लागला की गाडी थांबवून, चाक थोडे बाहेर ओढून, काडीने वंगण घालायचे. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होई: जू वाहून निबर झालेला बैलाचा खांदा हळद आणि तूप लावून मळायचा. आजोबांच्या लेखी आखाचे वंगण आणि खांद्याचे तूप ही एकाच प्रकारची कामे होती. जे आपले ओझे वाहते त्याचा सांधा कोरडा राहू द्यायचा नाही. पुढे 'वंगण देणे' याचा अर्थ कचेरीतले काम पुढे सरकावे म्हणून पैसे चारणे असाही झाला. भाषेने नवा अर्थ घेतला हे ठीक. पण मूळ अर्थ आमच्या पिढीच्या तोंडून जवळजवळ गेला आणि हा दुसरा राहिला, याची खंत वाटते.

आजोबांचे हात काळे होते. आमच्या वडिलांचे पांढरे. ते तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि उभ्या हयातीत त्यांनी पाना हातात धरलेला आम्ही पाहिला नाही. स्कूटर बिघडली की ती ढकलत नेत, पण तिचा प्लग काढून पुसत नसत. काही वर्षांपूर्वी ते आमच्याकडे राहावयास आले असता रविवारी सकाळी आम्ही अंगणात चेन धूत बसलो होतो. ते बराच वेळ खुर्चीत बसून पाहत होते. मग म्हणाले, "पन्नास रुपयांचं काम. एवढं शिकून हात काळे करायचे होते, तर मी तुला शेतातच ठेवला असता."

प्रथम आम्हांस हा कारकुनी वर्गाचा नेहमीचा तोरा वाटला आणि त्याला द्यावयाचे उत्तरही जिभेवर आले. श्रमप्रतिष्ठेवर आम्ही वर्गात दोन तास सहज बोलतो. पण वडिलांच्या स्वरात तोरा नव्हता, थोडी भीती होती. त्यांच्या लहानपणी शाळेत बसताना नखांतली माती लपवावी लागे, हे त्यांनी एकदा आईला सांगितलेले आम्ही ऐकले होते. स्वच्छ हात ही त्यांची कमाई होती. त्यासाठी त्यांनी कंदिलाखाली अभ्यास केला, परगावी दुसऱ्यांच्या घरी वार लावून जेवले. ती कमाई त्यांनी आमच्या हाती सोपवली, आणि आम्ही ती रविवारच्या हौसेखातर डिझेलमध्ये बुडवीत होतो. आम्ही उत्तर दिले नाही. "बाबा, झालंच," एवढे म्हणालो आणि फडके उचलले.

चावी खिशात ठेवण्याचा दंडक ज्यांनी घालून दिला त्यांना आम्ही चाचा म्हणतो. मिरज रस्त्यावर त्यांचे छोटेसे गॅरेज आहे; ते आम्हांस 'सर' म्हणतात. चेन घरी धुवायची इच्छा आम्ही बोलून दाखवली तेव्हा त्यांनी कौतुक वगैरे केले नाही. उजवा हात पुढे धरला. तर्जनीचे वरचे पेर नव्हते.

"बारा वर्षांचा होतो, सर. मालक गाडी डबल स्टँडवर लावायचा, गिअरमध्ये टाकून चालू ठेवायचा. चाक आपलं आपण फिरतं, काम लवकर उरकतं. मी चेनला फडकं धरून बसायचो. फडकं गेलं स्प्रॉकेटमध्ये, त्याच्या मागं बोट. दवाखान्याचे पैसे मालकानं पगारातून कापले." मग त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "चेन धुवायची तर चावी खिशात. घरात पोरंबाळं असतात. कुणी सहज बटण दाबलं तर?"

ही घटना 1979 ची. मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवण्यास मनाई करणारा कायदा 1986 साली आला. चौदा वर्षांखालील मुलांना घरचा उद्योग आणि कलाक्षेत्र यांसारखे अपवाद सोडून कोठेही कामाला ठेवता येणार नाही, ही दुरुस्ती त्यानंतर तीस वर्षांनी, 2016 साली झाली. चाचांच्या गॅरेजात आज एकही लहान मुलगा नाही. त्यांच्या मुलाने बी.कॉम. केले आणि तो बँकेच्या परीक्षांना बसतो आहे. गॅरेज चालवायला त्याने घ्यावे असे वाटत नाही का, असे विचारले तेव्हा चाचा हसले. "तुम्ही रविवारी चेन धुता, सर. मी सोमवारपासून शनिवारपर्यंत धुतो."

म्हणजे चाचा आणि आमचे वडील एकच गोष्ट सांगत होते.

मोटारसायकलची देखभाल आणि तत्त्वचिंतन यांची सांगड घालणारा ग्रंथ म्हटला की रॉबर्ट पर्सिग यांच्या 1974 च्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'चे नाव निघते. 121 प्रकाशकांनी नाकारल्यानंतर ते प्रसिद्ध झाले आणि लक्षावधींनी वाचले. यंत्राकडे आपुलकीने पाहणारा माणूस आणि यंत्राचा तिटकारा करून त्याचाच लाभ घेणारा माणूस यांच्यातली फट पर्सिग यांनी नेमकी दाखवली, याबद्दल वाद नाही. परंतु त्या ग्रंथातला निवेदक आपली गाडी आपण दुरुस्त करतो तेव्हा तो त्याच्या आवडीचा प्रश्न असतो. कोणी त्याला बाराव्या वर्षी चेनपाशी बसवलेले नसते, आणि पाना हाती घेतल्याने त्याचे सामाजिक स्थान तसूभरही हलत नाही. आमच्या देशात हा प्रश्न आवडीने सुटत नाही. कामे वाटून घेणे ही एक गोष्ट, आणि कामे करणाऱ्या माणसांनाच कायमच्या कप्प्यांत बंद करणे ही दुसरी, हा भेद डॉ. आंबेडकरांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'च्या विवेचनात स्पष्ट केला. तो ध्यानी घेतला की रविवारच्या आमच्या काळ्या हातांना फार मोठे समजण्याचे कारण उरत नाही. साबणाने ते तासाभरात धुतले जातात. ज्यांचे धुतले जात नाहीत त्यांच्या वतीने आम्ही श्रमाची थोरवी गाणे शोभणार नाही.

मग हे काम सोडून द्यावे काय? आमच्या मते नाही. फक्त त्यामागचे कारण नीट सांगावे. चेनला स्वतः वंगण दिल्याने आम्ही श्रमिक होत नाही. पण चाचांच्या कामाची किंमत कळते. पन्नास रुपयांत किती मिनिटे, किती बारकावा आणि किती जोखीम असते हे कळते, आणि घासाघीस करण्याची जीभ आपोआप आखडते. खंडेनवमीला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू वाहतो, लिंबू ठेवतो. ती पूजा आम्हीही करतो. मात्र ज्या हातांनी ते यंत्र वर्षभर चालते ठेवले त्यांना त्या दिवशी नारळही जात नाही. यंत्राची पूजा आणि यंत्रकाराची उपेक्षा ही आपली जुनी रीत आहे. चेन धुणाऱ्याला निदान ती दिसू लागते.

आता या साऱ्यालाच ओहोटी लागण्याची चिन्हे आहेत. आमच्या गल्लीत विजेवरच्या स्कूटर वाढल्या आहेत. त्यांपैकी काहींची मोटर थेट चाकात बसवलेली असते. तेथे चेन नाही, वंगण नाही, काळे हात नाहीत. हवेचा धूर कमी होत असेल तर या बदलाचे आम्ही स्वागतच करतो, आणि चाचांच्या तर्जनीकडे पाहता चेन गेल्याचे दुःख करणे बरेही नव्हे. चिंता वेगळी आहे. चाचा म्हणतात, त्या गाड्या त्यांच्याकडे येतात त्या धुण्यापुरत्या. बिघाड शोधायचा तर कंपनीचे सॉफ्टवेअर लागते, आणि ते त्यांना मिळत नाही. चेन उघडी होती. तिचा दोष बोटाला कळत असे आणि वीस कड्या पट्टीने कोणालाही मोजता येत. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली, त्या वर्षाच्या अखेरीस त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले, आणि त्यात वाहनांचा समावेश आहे. हा अधिकार केवळ ग्राहकाचा मानला जाऊ नये, असे आम्हांस वाटते. चाचांनी आणि त्यांच्यासारख्या असंख्य कारागिरांनी बोटे देऊन मिळवलेल्या विद्येला पुढच्या यंत्रात शिरकाव असणे, हाही त्याच अधिकाराचा भाग आहे.

चाचांच्या मुलाला बँकेत नोकरी लागो, ही आमची मनापासून इच्छा आहे. ती लागल्यावर तो मोटारसायकल घेईल. तिची चेन तो बापाकडे धुवायला नेईल की आपल्या दारात बसून स्वतः धुवेल, याविषयी आम्हांस कुतूहल आहे. दोन्हींत वावगे काही नाही. चावी मात्र खिशात ठेवावी.